फळ्याची डावी बाजू

"ताई, सर हल्ली अर्धाच फळा लिहित्यात."

मुल्लाणीबाईंचा हा फोन आला तेव्हा मी रेवाला नाचणीचं सत्त्व भरवत होते. फोन ओट्यावर, स्पीकर चालू, एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातानं चौदा महिन्यांच्या मुलीचं तोंड माझ्याकडे वळवायचा उद्योग. मुल्लाणीबाई म्हणजे कराडच्या उषःकाल वाचनालयात कुलूप उघडण्यापासून पुस्तकांच्या देवघेवीपर्यंत सगळं बघणाऱ्या. सर म्हणजे माझे बाबा, दिगंबर इनामदार. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले आणि गेली नऊ वर्षं रोज सकाळी वाचनालयाच्या दारातला फळा लिहीत होते.

"अर्धाच म्हणजे?"

"म्हंजे उजव्या अंगाला सगळी दाटी. डावीकडं निस्ता काळा फळा. मी म्हणलं, सर, हिकडं जागा हाय की. तर म्हणले, कुठं?"

मी वाटी खाली ठेवली आणि वाचनालयाची साइट उघडली. ती मीच केलेली, मीच सांभाळते. आजचा फळा समोर होता. डावीकडे वार, तारीख, तिथी, तापमान, कोयना धरणातलं पाणी. उजवीकडे नवी आलेली तीन पुस्तकं आणि खाली कोपऱ्यात खडूनं काढलेला खंड्या. ओळी दोरी लावून आखल्यासारख्या सरळ.

"मुल्लाणीबाई, मी आत्ता बघतेय. पूर्ण आहे की. उलट नेहमीपेक्षा नेटका आहे." आणि तिथल्या तिथे ते चित्र त्यांना पाठवूनही दिलं.

त्यांनी ते उघडून बघितलं. "व्हय. ह्यात पूर्ण दिसतोय खरा."

"मग झालं तर."

"तुम्ही शिकलेल्या. मी आपलं डोळ्याला दिसलं ते सांगितलं."

संध्याकाळी मी हे सौमित्रला, माझ्या नवऱ्याला, गंमत म्हणून सांगितलं. म्हटलं, मुल्लाणीबाईंना चष्मा लागलेला दिसतोय. तो हसला, मीही हसले. त्या दिवशी दोन ऑगस्ट होता.

मी काळजी करणारी बाई आहे. हे काही मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. रेवाच्या पायमोज्यात ताप आणि ऑक्सिजन मोजणारी चकती आहे, तिचा आकडा एकानं हलला तरी मी हातातलं काम टाकून उठते. रांगताना ती एक गुडघा जरा जास्त टेकते असं मला वाटलं, तर त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बाळ उत्तम आहे. आईनं थोडी झोप काढावी."

बाबांवरही माझी अशीच नजर असायची. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी रोज सकाळी फोन करायला लागले. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "शलाका, मी चौतीस वर्षं पोरांची हजेरी घेतली. आता माझी कुणी घेऊ नये." मग मीच माझ्यापुरती एक सोय लावली. फळ्यासमोर वाचनालयानं स्टँडवर एक टॅब बसवला होता. लिहून झालं की बाबा त्याचं बटण दाबायचे आणि फोटो थेट साइटवर चढायचा. आठ वाजून दहा मिनिटांनी मी पुण्यात, नऱ्ह्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चहाचा कप घेऊन साइट उघडायची. फळा दिसला की समजायचं, बाबा उठले, अंघोळ केली, अर्धा किलोमीटर चालले, हात चालतोय, डोकं चालतंय. रविवारी, सणालाही फळा चुकत नसे. कुठल्याही फोनपेक्षा मला तो फळा खरा वाटायचा, कारण फोनवर माणूस खोटं बोलू शकतो.

जूनमध्ये 'आरास'ची सातवी आवृत्ती आली होती. मी लग्नपत्रिका, मसाल्याची पाकिटं, छोट्या संस्थांच्या साइट असली कामं करते. आरास हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर आणि आमच्या धंद्यातले निम्मे लोक आता त्यावरच काम करतात. डिझाइनवाल्यांच्या एका पोर्टलवर मी दर महिन्याला लिहिते. त्यांनी नव्या आवृत्तीवर लेख मागितला. मी तो मनापासून लिहिला, मथळा दिला 'आरास सात : मला आवडलेल्या नव्या सोयी'. साडीच्या काठाचा फोटो द्या, त्यातून पत्रिकेसाठी रंगांची जुळणी निघते. एकदा केलेली पत्रिका कागदावर, मोबाइलवर, मंगल कार्यालयाच्या दारातल्या पडद्यावर, जिथे जाईल तिथे आपली आपण नीट मांडली जाते. जोडाक्षरं एकदाची तुटायची थांबली. असं करत करत सगळ्यात वरच्या क्रमांकावर मी ठेवलं होतं 'समतोल'.

समतोल काय करतं ते मी त्या लेखात सोपं करून सांगितलं होतं, तेच पुन्हा सांगते. एखाद्या माणसाच्या हातच्या कामाचे शे-दोनशे फोटो तुम्ही त्याला द्यायचे. माझ्याकडे बाबांच्या फळ्याचे तीन हजारांवर होते. त्यातून ते दोन गोष्टी वेगवेगळ्या करायला शिकतं, काय लिहिलंय आणि कुणाच्या हातानं लिहिलंय. नवा फोटो आला की आधी ते स्वतःशी ठरवतं, हा फळा कसा असायला हवा होता. असायला हवा होता तो आणि आलेला, यांच्यात जो फरक पडतो त्याला ते गोंगाट समजतं. ट्यूबलाइटची चमक, स्टँड हलल्यामुळे आलेला तिरपेपणा, कुणाच्या डोक्याची सावली, फोटोत कापली गेलेली कड. हा गोंगाट काढून टाकून ते फळा नव्यानं काढतं, त्याच माणसाच्या अक्षरात, खडूच्या भुकटीसकट. दाटी झालेला मजकूर मोकळा मांडतं. एखादी ओळ दिसतच नसेल तर मिळेल तिथून आणून भरतं. तारीख, तिथी, तापमान, धरणाचं पाणी, ही माहिती आता कुठेही मिळते.

लेखात उदाहरण म्हणून मी बाबांचाच फळा दिला होता, चमक आलेला आणि समतोल लावलेला, शेजारी शेजारी. अकरा हजार लोकांनी तो लेख वाचला. वाचनालयाच्या साइटलाही मी समतोल कायमचं जोडून टाकलं. अध्यक्ष खूश झाले, म्हणाले, "आता कसं, छापल्यासारखं वाटतं."

समतोल पहिल्यांदा चालू करताना पडद्यावर एक प्रश्न येतो. दाखवलेली प्रतिमा मूळ प्रतिमेपेक्षा वेगळी असू शकते, दर वेळी मूळ प्रतही दाखवायची का? मी 'नको' दाबलं. तुम्हीही तेच दाबलं असतं. मूळ फोटो कुठे जात नाहीत, एका वेगळ्या कप्प्यात साठत राहतात, दोन टिचक्यांच्या अंतरावर. त्या पावसाळ्यात रेवाला चालायचं होतं आणि तिला पडू द्यायचं नाही एवढं एकच काम मला होतं. मी तो कप्पा उघडला नाही.

मुल्लाणीबाईंच्या फोननंतर मी बाबांशी बोलले नाही असं नाही. त्याच दुपारी फोन केला.

"बाबा, बरे आहात ना?"

"ठणठणीत. का गं?"

"सहज."

"तुला सहज फोन करायला सवड कधीपासून व्हायला लागली? रेवा काय म्हणते?"

"दाढ येतेय. दिसेल त्याला चावते."

"आजीवर गेली म्हणायची," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

मी कान देऊन ऐकत होते. अर्धांगाची लक्षणं मला पाठ आहेत, जीभ जड होते, शब्द घसरतात. बाबांचा एकही शब्द घसरत नव्हता. मला हायसं वाटलं. मग ते म्हणाले, "एकच आहे. ती वनिता हल्ली पानाची डावी बाजू वाढतच नाही बघ."

"म्हणजे?"

"चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची फोड नाही. मीठसुद्धा नाही. भाजी, आमटी, भात, संपलं. तुझ्या आईनं उभ्या आयुष्यात असं पान वाढलं नाही. मी काही बोललो नाही तिला. म्हटलं असेल तिची घाई."

वनिता दुपारी येऊन स्वयंपाक करायची, बाबांना वाढायची, त्यांचं जेवण होईपर्यंत थांबून ताट उचलायची. आईनंच तिला तयार केलेलं. पान कसं वाढायचं, मीठ कुठे, लोणचं कुठे, भाजी कुठे, हे आईनं तिला आपल्या देखरेखीखाली शिकवलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आलं की आई गेली, म्हातारा एकटा, कोण विचारतंय, म्हणून ही बाई हात आखडता घेतेय. मी तडक फोन लावला.

"वनिताताई, बाबा एकटे आहेत म्हणून काहीही वाढायचं का?"

"काय झालं ताई?"

"चटणी, कोशिंबीर काहीच करत नाही म्हणे तुम्ही."

"करते की. रोज करते."

"मग बाबा खोटं बोलतात का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. वनितानं गॅस बारीक केला. "तसं न्हाय म्हणत मी," ती म्हणाली. "सरांना कशाला खोटं पाडू?"

"मग जरा लक्ष देऊन वाढत जा."

चार दिवसांनी तिचा निरोप आला, दुसरीकडे काम धरलंय. मी तासाभरात एक डबेवाली शोधली. ती दाराच्या कडीला डबा अडकवून जायची, दुसऱ्या दिवशी रिकामा घेऊन जायची. बाबांना जेवताना बघणारी एकच बाई होती, तिला मी घालवलं. आणि फोन ठेवल्यावर मला काय वाटलं होतं, सांगू? लांब राहूनही मी बाबांसाठी काहीतरी करतेय, असं.

चौदा ऑगस्टला सकाळी नऊला मुल्लाणीबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या रडत होत्या. फळा लिहून बाबा घरी निघाले होते. रस्त्याच्या मध्यापर्यंत नीट गेले. उजवीकडून येणारी मोटारसायकल त्यांनी थांबून जाऊ दिली. मग डावीकडून येणाऱ्या रिक्षासमोर तसेच चालत राहिले, जणू तो अर्धा रस्ता तिथे नव्हताच. रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला म्हणून धक्का लागला नाही, पण बाबा तिथेच कोसळले आणि उठले नाहीत.

आम्ही तिघं दुपारपर्यंत कराडला पोचलो. ते बोलत होते. डावा हात, डावा पाय गेलेला होता. मी हात धरला तर म्हणाले, "हा कुणाचा हात आहे माझ्या अंगावर? काढ." तो त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते. रेवा मांडीवर झोपलेली. बोटांनी सवयीनं साइट उघडली. आठ-दहा झाले होते.

फळा आलेला होता.

बाबांच्या अक्षरात, बाबांच्या त्या विशिष्ट वळणात लिहिलं होतं, 'इनामदार सर आजारी आहेत. फळा काही दिवस बंद राहील.' सभोवती तिरंगी किनार. स्वातंत्र्यदिनाला ते दर वर्षी काढायचे तशीच, खडूनं केशरी भरताना बोटानं जरा पुसून मऊ केलेली.

काचेच्या दारापलीकडे बाबा पडलेले मला दिसत होते.

मी मुल्लाणीबाईंना फोन केला. "आज फळा कुणी लिहिला?"

"मीच की ताई. लोक झेंडावंदनाला येत्यात, सरांचा फळा बघायला थांबत्यात, म्हणून आपलं चार शब्द लिवलं. सर दाबायचे तसं बटण दाबलं. माझं अक्षर कसलं हाय तुम्हाला म्हाईतच हाय. चुकलं का काय?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं नाही चुकलं."

मग तो कप्पा उघडला. दोन टिचक्या.

सगळ्यात वर मुल्लाणीबाईंचा फळा होता, मोठ्या, वाकड्या अक्षरांत, किनार नसलेला. त्याखाली बाबांचे. मी मागे मागे गेले. तेरा ऑगस्टच्या फोटोत फळ्याचा तीन चतुर्थांश भाग कोरा काळा होता आणि उजव्या कडेला हातभर पट्ट्यात सगळा मजकूर एकावर एक चढलेला, शेवटचे शब्द लाकडी चौकटीवर गेलेले. नऊ ऑगस्टला त्यांनी बगळा काढला होता. त्याला उजवा पंख होता आणि तिथेच तो संपत होता, मधोमध कापल्यासारखा. साइटवर त्या दिवशी पूर्ण बगळा होता, मी तो रेवाला दाखवून "बघ, आबांनी बगळा काढलाय" म्हटलं होतं. दोन ऑगस्टला अर्धा फळा कोरा. मुल्लाणीबाई बोलल्या होत्या, बरोबर तसा. सव्वीस जुलैला वार आणि तारीख नाहीच. तेवीस जुलैला डावीकडे चार बोटं जागा सुटलेली, बाकी सगळं ठीक. बावीस जुलैला फळा पूर्ण भरलेला, माझ्या ओळखीचा.

तेवीस जुलै ते चौदा ऑगस्ट. तेवीस फोटो. त्या प्रत्येक दिवशीचा फळा मी सकाळी चहा पिताना साइटवर बघितला होता, आणि प्रत्येकाच्या जागी मला बावीस जुलैचा माणूस दिसला होता.

डॉक्टर शेवाळे राउंडला आल्या तेव्हा मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो एकदा पुढे, एकदा मागे सरकवले.

"हे तुमच्याकडे होते?"

"हो."

"रोज येत होते?"

"रोज."

त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. मेंदूचा उजवा भाग जगाच्या डाव्या बाजूवर पहारा ठेवतो, त्यांनी सांगितलं. तिथे रक्ताची गुठळी अडकली की तो पहारा उठतो. डोळे चांगले असतात, डावीकडची वस्तू डोळ्यांत येतेही, पण मन तिची दखल घेत नाही. आणि काही हरवलंय हे माणसाला जाणवतही नाही. आपल्या डोक्यामागचं आपल्याला दिसत नाही म्हणून कुठे चुकल्यासारखं वाटतं, तसंच. पानाची डावी बाजू त्याच्यासाठी वाढलेलीच नसते. बोलणं बहुतेकांत मेंदूच्या डाव्या भागात असतं, ते शाबूत राहतं. फोनवर असा माणूस ठणठणीत वाटतो आणि आपण ठणठणीत आहोत असं मनापासून सांगतो.

"पहिला झटका छोटा होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या फोटोंवरून तारीखसुद्धा सांगता येतेय. त्याच आठवड्यात आणलं असतं तर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू केल्या असत्या. हा दुसरा कदाचित टळला असता. खात्रीनं नाही सांगत. पण शक्यता चांगली होती."

आत जाऊन त्यांनी एका कागदावर वीतभर आडवी रेघ ओढली, कागद बाबांसमोर धरला आणि म्हणाल्या, "सर, हिचा मध्य दाखवा." बाबांनी पेन घेतलं आणि रेघेच्या उजव्या टोकापासून बोटभर अंतरावर खूण केली.

"नक्की का?"

"चित्रकलेचा मास्तर आहे मी," बाबा म्हणाले. "मध्य मला विचारता?"

पुढच्या आठवड्यात मी वनिताकडे गेले. माफी मागायची म्हणून गेले होते, पण दारात उभं राहिल्यावर आधी प्रश्नच बाहेर पडला, की चटणीचं काय व्हायचं.

"परत यायची ताई. रोज. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं तसंच्या तसं. उजवीकडचं चाटूनपुसून संपवायचे." तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. "मला वाटलं, माझ्या हातचं आवडंना झालंय. आईंसारखी चव न्हाय म्हणून टाकत असतील, अन् मला लागू नये म्हणून बोलत नसतील."

"मला फोनवर का नाही सांगितलंत?"

वनितानं माझ्याकडे सरळ बघितलं. "सांगणारच हुते. पण तुम्ही म्हणालात, बाबा खोटं बोलतात का. मग त्यावर मी काय बोलायचं?"

ती पुन्हा कामाला आली नाही. दुसरं घर तिनं खरंच धरलं होतं.

आरासच्या कंपनीला मी लांबलचक पत्र लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं. आम्हाला वाईट वाटतं. मूळ प्रती पूर्ण वेळ सुरक्षित होत्या. ही सोय वापरकर्त्यानं स्वतः चालू केली होती. यातलं काहीच खोटं नाही, म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही.

बाबा आता आमच्याकडे नऱ्ह्यात आहेत. रोज एक बाई येऊन व्यायाम करून घेतात. डावीकडे बघा, सर, अजून डावीकडे, असं त्या चाळीस मिनिटं म्हणत असतात. पहिल्या दिवसांत रेवा पलंगाच्या डाव्या बाजूला कठडा धरून उभी राहायची आणि "आबा, आबा" करायची. बाबा उजवीकडे खिडकीत बघून विचारायचे, "आवाज येतोय, कुठे आहे ही?" ती त्यांच्या डाव्या हातावर चापट मारायची. त्यांना कळायचं नाही. आठ दिवसांत ती शिकली. आता बाबांशी बोलायचं असलं की ती पलंगाला वळसा घालून पलीकडे जाते. सोळा महिन्यांची आहे. तिनं फक्त त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं.

मध्यंतरी बाबांनी साइट बघायला मागितली. जुलै-ऑगस्टचे फळे मी समतोल लावलेलेच दाखवले. त्यांनी चष्मा लावून सावकाश बघितले.

"बघ, शेवटपर्यंत हात कसा स्थिर होता," ते म्हणाले.

"हो बाबा."

"बगळा विशेष साधलाय."

"हो."

त्यांना मूळ बगळा दाखवायचं धाडस मला झालेलं नाही. सौमित्र म्हणतो, आता दाखवून काय उपयोग. तो म्हणतो ते बरोबरच असेल, पण तेव्हापासून मी रोज त्यांना एक खोटा फळा दाखवते आणि तेही रोज खूश होतात. म्हणजे कप्प्याची किल्ली आता सॉफ्टवेअरकडे नाही, माझ्याकडेच आहे.

लेखाचं काय करायचं ते मात्र ठरवलं. पोर्टलला सांगून मी तो काढला आणि त्याच पत्त्यावर, त्याच्या जागी, हे लिहून ठेवतेय. काढण्याआधी त्याखालचे दोनशे चौदा अभिप्राय पुन्हा वाचले. बहुतेक आमच्याच धंद्यातले, रंगांबद्दल, जोडाक्षरांबद्दल. एक तसा नव्हता. 'निळी शाई' नावानं कुणीतरी जुलैच्या सुरुवातीला लिहिलं होतं :

'आत्याच्या पत्रांचं एक पान करतेय, घरातल्या सगळ्यांना वाचता यावीत म्हणून. ती गावी एकटीच असते, दर आठवड्याला एक पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते. गेल्या दोन महिन्यांपासून तिच्या ओळी उजवीकडे सरकत चालल्या होत्या, डावीकडे मोठी जागा कोरी सुटायची, बघवत नव्हतं. तुमचा लेख वाचून समतोल लावलं. आता पत्रं पुन्हा पूर्वीसारखी सुंदर दिसतात. मनापासून आभार.'

खाली मी लाल बदाम टाकला होता.

या नावावर मी तीनदा निरोप पाठवला. कुणी उघडलेला नाही. पोर्टलकडे पत्ता नाही, फोन नाही. आत्या कोणत्या गावी असतात तेही मला माहीत नाही.

निळी शाई, तुम्ही कधी पुन्हा त्या लेखाच्या शोधात इथे आलात, तर हे वाचून संपवल्यावर लगेच निघा. आत्यांना फोन करून विचारू नका, त्या 'बरी आहे' असंच सांगतील आणि तुम्हाला ते खरं वाटेल. समोर बसा. एक कागद आणि पेन द्या आणि गोल घड्याळ काढून त्यात बाराही आकडे लिहायला सांगा. फोटो काढू नका, तिथेच बसून बघा. सात ते अकरा हे आकडे आपापल्या जागी आले नाहीत, किंवा सगळे उजव्या बाजूला गोळा झाले, तर वाद घालू नका, त्यांना हाताला धरून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बाकी वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत अशी कुणी भाची असेल, जिची आत्या दर आठवड्याला पत्र लिहिते, तर तिला हे दाखवा.

या आठवड्याचं पत्र आलेलं असेल. तरीही जा.